प्रकल्प नोंदी: मानवी अर्बुदपेशी प्रारणाला किती संवेदनशील आहेत?

१२ जून २०२३

आजपासून या कामाच्या नोंदी सुरू करीत आहे. मानवी अर्बुदांपासून (ट्यूमरपासून) मिळालेल्या तीन सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढत राहणारे पेशींचे वाण, कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांना किती संवेदनशील आहेत, हे वसाहत-चाचणीने मोजायचे आहे. पहिली हेला. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदापासून ती वाढवली गेली आणि आजही जगभर वापरात आहे. दुसरी फुप्फुसाच्या कर्करोगाची ए५४९. तिसरी फाडू, म्हणजे अन्ननलिका सुरू होण्याआधीच्या, घशाच्या तळाकडील भागातल्या कर्करोगाची. तिसरी निवडण्यामागे आपल्याकडची परिस्थिती आहे. तंबाखूमुळे होणारे तोंडाचे व घशाचे कर्करोग महाराष्ट्रातील कोणत्याही किरणोपचार विभागात मोठ्या संख्येने दिसतात, आणि त्या रुग्णांच्या उपचारात किरणोपचाराचा वाटा मोठा असतो.

काम सुरू करण्यापूर्वी गटातील सर्वांनी एका व्याख्येवर एकमत करून घेतले, कारण पुढचे सर्व आकडे तिच्यावरच उभे राहणार आहेत. प्रारणाने पेशी मेली असे केव्हा म्हणायचे? सूक्ष्मदर्शकाखाली तळाला घट्ट चिकटलेली, माध्यमातील ग्लुकोज वापरणारी, प्रथिने तयार करणारी पेशीसुद्धा किरणोपचाराच्या दृष्टीने संपलेली असू शकते, कारण तिची पुन्हा पुन्हा विभागण्याची क्षमता गेलेली असते. उपचारानंतर अर्बुद परत वाढते ते ही क्षमता शाबूत राहिलेल्या पेशींपासून. म्हणून आमची चाचणी प्रत्येक पेशीला एकच प्रश्न विचारते: एकटी सोडल्यावर तिच्यापासून किमान ५० पेशींची वसाहत तयार झाली का? ५० पेशी म्हणजे पाच ते सहा पिढ्यांची विभाजने. प्रारणाने घायाळ झालेल्या पुष्कळशा पेशी एखाद-दुसरे विभाजन करून थांबतात, त्या या निकषावर गळतात.

ही दृष्टी १९५० च्या दशकातली आहे. डेन्व्हर येथे थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांनी एकेकट्या हेला पेशींपासून वसाहती वाढवण्याची पद्धत बसवली आणि १९५६ साली सस्तन प्राण्याच्या पेशींचा पहिला मात्रा-टिकाव आलेख, म्हणजे किती प्रारणाला किती पेशी टिकतात याचा आलेख, प्रसिद्ध केला. आलेखाच्या सरळ उतारावर साधारण १ ग्रे (ग्रे हे शोषलेल्या प्रारणाचे एकक) मात्रेला टिकणाऱ्या पेशी ३७ टक्क्यांवर येत होत्या. त्यापूर्वी पेशी फुटून विरघळण्यालाच मृत्यू मानले जाई, आणि त्या मोजपट्टीवर पेशी कितीतरी पट कणखर भासत. पक आणि मार्कस यांनी मोजपट्टी बदलली आणि त्याच पेशी किती नाजूक आहेत हे उघड झाले. आमच्या प्रकल्पाचा कणाही हाच आहे, म्हणून पहिल्याच पानावर लिहून ठेवत आहे.

१६ जून २०२३

पेशी पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनसीसीएसच्या पेशीसंग्रहातून घेतल्या आहेत. आल्यावर प्रत्येक लाइन वाढवून, तिच्या कुप्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये राखून ठेवल्या. प्रत्येक प्रयोगमालिका एकाच राखीव साठ्यातून आणि जवळजवळच्या पिढ्यांतून सुरू करायची, असा नियम केला आहे. पेशी महिनोनमहिने वाढवत राहिल्या की त्यांचा स्वभाव हळूहळू सरकतो, आणि मग जूनमधल्या आलेखाची ऑक्टोबरमधल्या आलेखाशी तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

मायकोप्लाझ्माची तपासणी पीसीआरने केली. तिन्ही लाइन स्वच्छ निघाल्या. हा जंतू माध्यम गढूळ करीत नाही, नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, पण पेशींची वाढ आणि वसाहती करण्याची क्षमता दोन्ही बदलतो. त्यामुळे ही तपासणी दर महिन्याला व्हायची आहे.

ओळख पटवण्यासाठी डीएनएची एसटीआर तपासणीही पाठवली आहे. ही औपचारिकता नव्हे. तोंडाच्या कर्करोगाची म्हणून वर्षानुवर्षे वापरली गेलेली केबी ही सेल लाइन प्रत्यक्षात हेलाच असल्याचे सिद्ध झालेले आहे. एखाद्या संवर्धनात हेलाचा एक थेंब गेला तरी ती मूळच्या पेशींना मागे टाकून सर्व जागा व्यापते. तरीही केबीचा उल्लेख तोंडाच्या कर्करोगाची लाइन म्हणून करणारे शोधनिबंध नंतरही छापले गेले. आमच्या कपाटात हेला आणि फाडू शेजारी राहणार असल्याने दोन्हींच्या माध्यमाच्या बाटल्या वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि एका दिवशी कॅबिनेटमध्ये एकाच लाइनचे काम होईल.

२७ जून २०२३

आज प्रारण नाही. फक्त पेशी मोजणे आणि रुजवणे. मला वाटते, या संपूर्ण पद्धतीतील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत निर्णायक पायरी हीच आहे.

पेशी ट्रिप्सिनने सुट्या केल्या, माध्यमात मिसळल्या, मेलेल्या पेशींना रंगवणारे ट्रिपॅन ब्लू घालून न्यूबावर कक्षात, म्हणजे चौकोन आखलेल्या मोजणीच्या काचेवर, मोजल्या. कक्षातील एका मोठ्या चौकोनाचे घनफळ एका मिलिलीटरचा दहा हजारावा भाग असते, म्हणून सरासरी मोजणीला दहा हजारांनी गुणले की एका मिलिलीटरमधील पेशी मिळतात. त्यानंतर टप्प्याटप्प्याने विरलन करून प्रत्येक बशीत २०० पेशी सोडायच्या असतात. इथे दोन ठिकाणी घात होऊ शकतो. ट्रिप्सिन कमी पडले तर पेशी जोड्यांनी किंवा घोसांनी राहतात. मग आपण ज्याला एक पेशी समजतो ती दोन असतात आणि दोन्ही मेल्याशिवाय ती वसाहत नाहीशी होत नाही, म्हणजे लाइन आहे त्यापेक्षा कणखर दिसते. ट्रिप्सिन जास्त झाले तर पेशी इजा होऊन मरतात. प्रत्येक वेळी विरलनातील थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, शंभरांतील किती पेशी खरोखर सुट्या आहेत हे वहीत नोंदवायचे ठरले आहे.

प्रारण न दिलेल्या पेशीही सगळ्याच वसाहत करीत नाहीत. २०० पेशी सोडून १२० वसाहती मिळाल्या तर रुजण्याचे प्रमाण ६० टक्के. शेतकरी पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण तपासून घेतो, त्यातलाच हा प्रकार आहे. उगवणच माहीत नसेल तर नंतर न उगवलेल्या दाण्याचा दोष कोणावर टाकायचा हे ठरवता येत नाही. प्रारणानंतर टिकलेल्या पेशींचे प्रमाण काढताना मिळालेल्या वसाहतींना सोडलेल्या पेशी गुणिले हे रुजण्याचे प्रमाण यांनी भागायचे असते. भाजकातला हा आकडा डळमळीत असेल तर वरचा कितीही काटेकोर मोजा, उत्तर डळमळीतच येणार.

हेला चांगली रुजते. ए५४९ तिच्या खालोखाल. फाडू मात्र फारच कंजूष आहे आणि माध्यमात घालायच्या सीरमच्या प्रत्येक नव्या बॅचला तिचा कल बदलतो. सीरमच्या वेगवेगळ्या बॅचचे नमुने मागवून, जी बॅच तिला मानवेल तिचाच संपूर्ण प्रकल्पापुरता साठा घ्यावा लागेल.

५ जुलै २०२३

पावसाळी हवेत इन्क्युबेटरमध्ये बुरशी आली. ए५४९ च्या बशा टाकून द्याव्या लागल्या. इन्क्युबेटर रिकामा करून धुतला, पाण्याच्या ट्रेमध्ये नवे निर्जंतुक पाणी व कॉपर सल्फेट घातले. वसाहत-चाचणीत बशा दोन-दोन आठवडे न हलवता ठेवाव्या लागतात, त्यामुळे इतर प्रयोगांत एक दिवसाने भागणारी हानी इथे पंधरवड्याची ठरते.

१४ जुलै २०२३

प्रारणासाठी एका रुग्णालयातील टेलिकोबाल्ट यंत्र, दिवसाचे रुग्ण संपल्यानंतर, वापरण्याची परवानगी मिळाली आहे. विभागाचा परवाना अणुऊर्जा नियामक मंडळाकडचा आहे, त्यामुळे आत येणाऱ्या आमच्या दोघांनाही टीएलडी बॅज (अंगावर पडलेली मात्रा नोंदवणारा बिल्ला) घेणे आणि विभागाच्या प्रारण सुरक्षा अधिकाऱ्यांच्या सूचना पाळणे बंधनकारक आहे. आजचा संपूर्ण वेळ तेथील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांबरोबर मात्रा मोजण्यात गेला.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्रा म्हणजे यंत्रावरचा आकडा वाटते. तसे नसते. कोबाल्ट-६० मधून १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण निघतात. पेशींना इजा करतात ती या किरणांनी वाटेत उडवलेली इलेक्ट्रॉन, आणि त्यांचा पूर्ण भर साचायला पाण्यासारख्या पदार्थाचा सुमारे ५ मिलिमीटर थर ओलांडावा लागतो. आमच्या ६० मिलिमीटरच्या बशीत पेशी तळाला चिकटलेल्या असतात, वर माध्यमाचा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर थर, त्याच्यावर हवेची पोकळी आणि झाकण. वरून किरण सोडले तर माध्यमाच्या थरातील लहानसा फरकही मात्रेत उतरतो. म्हणून यंत्राचे डोके खाली फिरवून किरण खालून वर सोडायचे आणि बशा ५ मिलिमीटर पर्स्पेक्सच्या (पारदर्शक अॅक्रिलिकच्या) पाट्यावर ठेवायच्या, असे भौतिकतज्ज्ञांनी सुचवले. त्यामुळे पेशींच्या खालचा थर प्रत्येक बशीला सारखाच राहतो. आयनीकरण कक्ष पर्स्पेक्समध्ये बसवून त्यांनी बशीच्या जागी मात्रेचा दर मोजला, आणि क्षेत्राच्या कडेला तो किती घसरतो हेही पाहिले. कडेच्या जागा आम्ही वापरणार नाही.

कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षे आहे, म्हणजे मात्रेचा दर महिन्याला सुमारे १.१ टक्क्याने उतरतो. प्रयोग ऑक्टोबरपर्यंत चालणार असल्याने दर वेळी प्रारणकाल नव्याने काढावा लागेल. शिवाय स्रोत बाहेर येऊन परत आत जाण्याच्या क्षणांतही थोडी मात्रा पडते. ८ ग्रेला ती नगण्य असते, १ ग्रेला नसते. तीही वजा केली जाणार आहे.

१८ जुलै २०२३

हेलाचा पहिला पूर्ण संच. मात्रा ०, १, २, ४, ६ आणि ८ ग्रे. प्रत्येकी तीन बशा. सोडलेल्या पेशी अनुक्रमे २००, २५०, ४००, १०००, ३००० आणि १०,०००. मात्रा वाढते तशा पेशी जास्त सोडायच्या, म्हणजे शेवटी प्रत्येक बशीत मोजण्याजोग्या, साधारण शंभराच्या आसपास वसाहती राहतात. फार दाट झाल्या तर एकमेकींत मिसळतात. फार विरळ झाल्या तर मोजणीतील स्वाभाविक चढउतारच उत्तर गिळून टाकतो. १०० वसाहतींच्या मोजणीत दहाएक इकडे-तिकडे हा निव्वळ योगायोगाचा भाग असतो, आणि २५ च्या मोजणीत तो पाच, म्हणजे वीस टक्के होतो.

पेशी सकाळी सोडल्या, दुपारपर्यंत त्या तळाला चिकटल्या आणि एकदाही विभागण्यापूर्वी संध्याकाळी प्रारण दिले. हा अवधी जाणूनबुजून ठरवला आहे. प्रारणापूर्वीच पेशी दोन झाल्या तर पुन्हा जोड्यांचा तोच घोळ. दुसरा मार्ग म्हणजे भरलेल्या फ्लास्कला प्रारण देऊन नंतर पेशी सुट्या करून पेरणे. पण त्यात प्रारण आणि पेरणी यांच्यामधल्या तासांत पेशी काही इजा दुरुस्त करून घेतात आणि टिकण्याचे प्रमाण वाढलेले दिसते. दोन्ही पद्धती ग्राह्य आहेत, मात्र एकीने काढलेला आकडा दुसरीच्या आकड्याशेजारी ठेवू नये.

वाहतुकीसाठी थर्माकोलची पेटी, आत ३७ अंशाला तापवलेल्या जेल पिशव्या. प्रारण न द्यायच्या बशाही बरोबर नेल्या, यंत्रखोलीच्या बाहेर तितकाच वेळ ठेवल्या आणि परत आणल्या. कार्बन डायऑक्साइड उडून गेला की माध्यम गुलाबी-जांभळट होऊ लागते. ते टाळण्यासाठी माध्यमात आम्लता स्थिर ठेवणारे हेपेस घातले होते. परतल्यावर रंग ठीक होता.

२८ जुलै २०२३

माध्यम काढले, बशा हलक्या हाताने धुतल्या, मिथेनॉलने स्थिर केल्या आणि ०.५ टक्का क्रिस्टल व्हायोलेटने रंगवल्या. हेलाच्या पेशी तळाला फार घट्ट धरत नाहीत. दहा दिवसांत बशी कोणी हलवली तर वसाहतीतून सुटलेल्या पेशी शेजारी नवी पिटुकली वसाहत थाटतात. म्हणून इन्क्युबेटरचा तो कप्पा इतर कामांसाठी बंद ठेवला होता, आणि त्याचा फायदा झाला.

मोजणी दोघांनी स्वतंत्रपणे केली. बशांवरील मात्रेचे आकडे तिसऱ्या सहकाऱ्याने चिकटपट्टीने झाकून क्रमांक बदलून दिले होते. हे आवश्यक आहे, कारण ४५ पेशींची की ५५ पेशींची हा निर्णय डोळा घेतो, आणि ही ८ ग्रेची बशी आहे हे माहीत असले की डोळा नकळत कडक होतो. ज्या बशांत आमच्या दोघांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त अंतर पडले, त्या सूक्ष्मदर्शकाखाली एकत्र बसून पुन्हा पाहिल्या.

रुजण्याचे प्रमाण साठ टक्क्यांच्या जवळ. २ ग्रेला टिकलेल्या पेशी निम्म्याच्या किंचित खाली, ४ ग्रेला पाचव्या हिश्शाहून थोड्या कमी, ८ ग्रेला शंभरात एक-दीड. लॉगरिथमच्या कागदावर आलेख सुरुवातीला खांद्यासारखा वळून मग खाली उतरतो, अपेक्षेप्रमाणेच.

११ ऑगस्ट २०२३

ए५४९ वर आज दोन चाचण्यांची समोरासमोर तुलना पूर्ण झाली. ही नोंद सविस्तर करीत आहे, कारण प्रकल्पाच्या आढावा बैठकीत, दोन आठवडे वसाहतींची वाट पाहण्यापेक्षा एमटीटी चाचणीने तीन दिवसांत उत्तर का काढत नाही, असा रास्त प्रश्न विचारला गेला होता.

एमटीटी चाचणी १९८३ साली टिम मोसमन यांनी मांडली. पिवळे रसायन पेशीतील चयापचयाने जांभळे होते आणि रंग किती गडद यावरून चालत्या पेशी किती हे ठरते. ९६ खळग्यांची एक पाटी, एक मापक यंत्र आणि एक दुपार एवढ्यात काम होते. औषधांच्या चाचण्यांत तिचा उपयोग निर्विवाद आहे. त्याच दिवशी, त्याच साठ्यातील ए५४९ पेशींना ४ ग्रे देऊन एका गटाची ७२ तासांनी एमटीटी केली आणि दुसऱ्याच्या वसाहती बारा दिवसांनी मोजल्या. एमटीटीने सत्तर टक्क्यांच्या आसपास पेशी जिवंत असल्याचे सांगितले. वसाहतींनी सांगितले की त्यातील निम्मा हिस्साही विभागत राहू शकला नाही, कारण टिकलेल्यांचे प्रमाण एकूण पेशींच्या तीन-दशांशाखाली होते.

दोन्ही चाचण्या आपापल्या जागी खरेच बोलत आहेत. फरक कोठून येतो हे सूक्ष्मदर्शकात दिसते. प्रारणानंतर ए५४९ च्या पुष्कळ पेशी मरून सुटत नाहीत. त्या पसरतात, चपट्या आणि अवाढव्य होतात, विभाजन कायमचे थांबवतात, पण चयापचय चालूच ठेवतात. या पेशींमध्ये पी५३ हे प्रथिन शाबूत आहे, आणि डीएनए तुटल्यावर पेशीचक्र रोखून धरणे हे त्याचे कामच आहे. अशी एक अवाढव्य पेशी एमटीटीत सामान्य पेशीइतका किंवा त्याहून अधिकच रंग देते. शिवाय ७२ तासांत प्रारण न दिलेल्या पेशी काही वेळाच विभागलेल्या असतात, त्यामुळे दोन गटांतील अंतर पुरते उघडायला अवधीच मिळत नाही. पेशी मरण्याआधीही एक-दोनदा विभागू शकते, हे लक्षात घेतले की तिसऱ्या दिवशीचा निकाल अर्धवट का राहतो ते कळते.

आढावा समितीला उत्तर म्हणून दोन्ही बशांची छायाचित्रे शेजारी शेजारी पाठवत आहे. वेळ वाचवण्याची इच्छा मलाही आहे, परंतु अर्बुद परत वाढवू शकणाऱ्या पेशी किती उरल्या हाच आपला प्रश्न असेल, तर त्याचे उत्तर देणारी चाचणी तिचा वेळ घेणारच.

२५ ऑगस्ट २०२३

डीएनएच्या तुटलेल्या जागा मोजण्याची पूरक चाचणी हेला आणि ए५४९ वर केली. १ ग्रे म्हणजे एका किलोग्रॅमला केवळ १ ज्यूल ऊर्जा. तेवढ्याने पाणी एका अंशाच्या हजाराव्या हिश्शानेही तापत नाही. तरीही तेवढ्या मात्रेने प्रत्येक पेशीत डीएनएचा एक धागा सुमारे हजार जागी आणि दोन्ही धागे मिळून वीस-चाळीस जागी तुटतात. एकेरी तुटी पेशी सहज सांधते. दुहेरी तुटीच्या भोवती एच२एएक्स या हिस्टोन प्रथिनाला काही मिनिटांतच फॉस्फेट जोडले जाते, आणि ते ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला (अँटीबॉडीला) चमकणारा रंग लावला की प्रत्येक तूट ठिपक्यासारखी दिसते.

अर्ध्या तासानंतरचे ठिपके दोन्ही लाइनमध्ये साधारण सारखेच आहेत. फरक आहे तो २४ तासांनंतर न विझलेल्या ठिपक्यांत: हेलामध्ये ते अधिक उरतात. म्हणजे इजा दोघींना सारखीच होते. वेगळी आहे ती दुरुस्ती. ठिपक्यांवरून टिकण्याचे प्रमाण थेट काढण्याचा मोह मात्र आवरायला हवा. आमच्याकडे दोनच लाइन मोजलेल्या आहेत.

८ सप्टेंबर २०२३

फाडूचा संच आज रंगवून झाला. तिला वसाहती करायला दोन आठवडे लागतात, म्हणून प्रारणाची तारीख मागून मोजत ठरवावी लागली. पुढचा संच आता गणेशोत्सवानंतरच: १९ तारखेला चतुर्थी आणि २८ ला विसर्जन, त्या दिवसांत पुण्यातील मध्यवर्ती रस्त्यांवरून तापवलेली पेटी वेळेत यंत्रापर्यंत नेण्याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि उशीर झाला की पेशी विभागू लागतात.

फाडूचे रुजण्याचे प्रमाण कमी असल्याने उच्च मात्रेच्या बशांत फार पेशी सोडाव्या लागतात. तेव्हा नवी अडचण येते: बशीत गर्दी वाढली की मरणाऱ्या पेशीही शेजारच्यांना वाढीचे घटक पुरवतात आणि विरळ बशीपेक्षा गर्दीची बशी अधिक रुजते. हे टाळण्यासाठी पक आणि मार्कस यांचाच जुना उपाय वापरला. मोठी मात्रा देऊन विभाजनक्षमता पूर्णपणे संपवलेल्या त्याच लाइनच्या पेशी सर्व बशांत अशा प्रमाणात मिसळल्या की एकूण गर्दी ० ग्रेच्या बशीतही तेवढीच राहावी. परिणाम लगेच दिसला: नियंत्रण बशांतील वसाहती वाढल्या आणि तीन बशांमधील आपसातील अंतर कमी झाले.

४ ऑक्टोबर २०२३

तिन्ही लाइनच्या मोजण्यांना रेषीय-वर्ग समीकरण बसवले. टिकण्याच्या प्रमाणाचा लॉगरिथम म्हणजे उणे अल्फा गुणिले मात्रा, उणे बीटा गुणिले मात्रेचा वर्ग. अल्फा आलेखाचा सुरुवातीचा उतार ठरवतो आणि बीटा नंतरची वाकण. हेलासाठी अल्फा प्रति ग्रे ०.३० आणि बीटा प्रति ग्रे-वर्ग ०.०३ च्या जवळ येतात, म्हणजे दोहोंचे गुणोत्तर १०. ए५४९ चा अल्फा स्पष्टपणे कमी आहे, बीटा जवळपास तेवढाच. फाडू या दोघींच्या मध्ये पडते, पण तिच्या अंदाजाची संभाव्य चूक इतकी रुंद आहे की आणखी एका संचाशिवाय तिच्याविषयी ठाम लिहिणे योग्य होणार नाही. आकडेमोड प्रत्येक बशीच्या मूळ मोजणीवरून केली; सरासऱ्यांवरून रेषा ओढली तर ८ ग्रेची विरळ बशी १ ग्रेच्या भरगच्च बशीइतकीच वजनदार ठरते.

२ ग्रेला हेलामध्ये सुमारे ०.५ आणि ए५४९ मध्ये सुमारे ०.६ पेशी टिकतात. फरक एक-दशांशाचा; एवढा किरकोळ की त्यासाठी इतका खटाटोप का, असे कोणालाही वाटेल. पण किरणोपचारात ही २ ग्रेची मात्रा एकदाच दिली जात नाही. प्रत्येक वेळी तेवढाच परिणाम होतो आणि मधल्या काळात पेशी वाढत नाहीत असे धरून ३० वेळा दिल्यानंतरचा हिशेब केला. एक घन सेंटिमीटरच्या अर्बुदात साधारण १०० कोटी पेशी धरल्या, तर ०.५ चा तिसावा घात घेतल्यावर सरासरी एकही पूर्ण पेशी उरत नाही, ०.९३ उरते. ०.६ चा तिसावा घात घेतला तर २२० हून अधिक उरतात. बशीतल्या एक-दशांशाचे उपचाराअंती सुमारे २३७ पट अंतर होते. म्हणूनच भाजकातील दहा टक्क्यांची ढिलाई मला इतकी खटकते.

हा विचार १९८० च्या दशकात फेर्तील आणि मालेझ यांनी फ्रान्समध्ये, तसेच डीकन, पेकहॅम आणि स्टील यांनी इंग्लंडमध्ये मांडला होता. अनेक प्रयोगशाळांतील मानवी सेल लाइनचे २ ग्रेचे आकडे त्यांनी एकत्र केले, तेव्हा लिम्फोमा आणि न्यूरोब्लास्टोमासारखी किरणोपचाराला चटकन विरघळणारी अर्बुदे ०.२ च्या आसपास, तर ग्लायोब्लास्टोमा, मेलॅनोमा आणि ऑस्टिओसार्कोमा यांसारखी हट्टी अर्बुदे ०.५ च्या आसपास आढळली. मात्र एकेका गटातील लाइन आपसात बऱ्याच पसरलेल्या होत्या, त्यामुळे आमच्या हेलावरून गर्भाशयमुखाच्या सर्व अर्बुदांविषयी काही सांगता येणार नाही.

१३ ऑक्टोबर २०२३

किरणोपचार विभागातील डॉक्टरांशी आज निकालांवर चर्चा झाली. त्यांचा प्रश्न थेट होता: रुग्णाच्या अर्बुदाचा तुकडा घेऊन उपचारापूर्वी हीच चाचणी करता येईल का? मँचेस्टरमध्ये कॅथरीन वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे केले होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांकडून उपचारापूर्वी घेतलेल्या तुकड्यांतील पेशी त्यांनी मऊ अगारमध्ये वाढवल्या, आणि २ ग्रेला ज्यांच्या पेशी अधिक टिकल्या त्यांच्यात किरणोपचाराचा निकाल कमी चांगला आला, तोही रोगाच्या अवस्थेवर अवलंबून न राहता. म्हणजे बशीतला आकडा रुग्णाशी नाते सांगतो. अडचण व्यवहाराची आहे. प्रत्येक तुकड्यातून वसाहती मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी मोजायला काही आठवडे लागतात, तोपर्यंत उपचार थांबवून ठेवता येत नाही. शिवाय रुग्णाच्या अर्बुदात ऑक्सिजनची टंचाई असलेले भाग असतात. ऑक्सिजनविना तोच परिणाम साधायला अडीच ते तीन पट मात्रा लागते, आणि आमच्या बशा सगळ्या भरपूर हवेत वाढलेल्या आहेत.

म्हणून मी डॉक्टरांना रुग्णागणिक चाचणीचे आश्वासन दिले नाही. जे देता येईल ते सांगितले: एखादे औषध किरणांबरोबर दिल्यावर पेशी खरोखर अधिक संवेदनशील होतात का, हे या चाचणीने ठामपणे तपासता येते, आणि तसे दावे केवळ एमटीटीवर आधारलेले असतील तर ते मान्य करण्यापूर्वी वसाहती मागाव्यात. त्यांनी दोन प्रस्ताव पाठवण्याचे कबूल केले आहे.

पुढील संचांची आखणी: फाडूचा उरलेला संच नव्या सीरमच्या साठ्यावर, त्यानंतर हेलावर ४ ग्रे एकदम आणि २ ग्रे दोनदा, मध्ये सहा तासांचे अंतर ठेवून, म्हणजे एल्काइंड यांनी १९५९ साली दाखवलेली, दोन मात्रांमधल्या वेळेत पेशी करतात ती दुरुस्ती आमच्या हातून आणि आमच्या यंत्रावर किती दिसते ते कळेल, आणि नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत ए५४९. पेटीच्या काचेतून व तळातून जाताना मात्रा किती बदलते, ते भौतिकतज्ज्ञ सोमवारी मोजणार आहेत.